हिरव्या पाण्यातील तेल

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागले की थोड्याच अंतरावर सिलतरा लागते. मुळात हे भाताच्या खाचरांनी वेढलेले एक खेडे. आज मात्र त्याचे नाव छत्तीसगडातील एका मोठ्या औद्योगिक वसाहतीचे नाव म्हणून ओळखले जाते. स्पंज लोखंडाच्या भट्ट्या, पोलादाच्या रोलिंग मिल आणि भट्ट्यांतून निघणाऱ्या तप्त वायूंवर चालणारी वीजकेंद्रे यांची धुराडी येथे दुरूनच नजरेत भरतात. ह्याच परिसरात, छत्तीसगडातील बहुतेक खेड्यांत असतात तसे, गावतलावही आहेत. उन्हाळ्यात ह्या भागातील तलावांचे पाणी आटू लागले, की उरलेल्या पाण्याला दाट हिरवा रंग चढतो. हा रंग पाण्याचा नव्हे. तो पाण्यात तरंगणाऱ्या अगणित सूक्ष्मशैवलांचा असतो.

धुराडे आणि हिरवे पाणी ह्या दोहोंची सांगड घालण्याची कल्पना गेल्या काही दशकांत अनेक देशांत पुढे आली. धुरातील कार्बन डाय-ऑक्साइड हे वनस्पतींचे अन्न आहे आणि सूर्यप्रकाश फुकट मिळतो. ह्या दोहोंवर सूक्ष्मशैवले वाढवावीत आणि त्यांच्यापासून मनुष्याच्या शरीरास, विशेषतः मेंदूस आणि डोळ्यांस, उपकारक असणारी तेले मिळवावीत, अशी ती कल्पना. ती निराधार नाही. परंतु ‘शैवलापासून तेल मिळते’ हे विधान अपुरे आहे. तेच शैवल एका टाकीत उत्तम दर्जाचे तेल देते, तर दुसऱ्या टाकीत केवळ जाळण्याच्या योग्यतेचे. असे का होते, आणि सिलतऱ्यासारख्या उष्ण प्रदेशात त्यातून कोणता बोध घ्यावा, हे ह्या प्रकरणात पाहू.

तूप, खोबरेल आणि जवस

प्रथम स्वयंपाकघरातील एक परिचित अनुभव घेऊ. थंडीच्या दिवसांत सकाळी तुपाचा डबा उघडला तर तूप घट्ट झालेले असते. खोबरेल तेलाची बाटलीही उन्हात ठेवल्याशिवाय ओतता येत नाही. जवसाचे तेल मात्र अशा थंडीतही पातळच राहते. सर्व तेले व तुपे मुख्यत्वे वसाम्लांची बनलेली असतात. वसाम्लाचा रेणू म्हणजे कार्बनच्या अणूंची एक साखळी होय. ह्या साखळीतील प्रत्येक कार्बनला हायड्रोजनचे शक्य तेवढे अणू चिकटलेले असतील, तर त्या वसाम्लास संपृक्त म्हणतात. काही ठिकाणी हायड्रोजनची जागा रिकामी राहून दोन कार्बनमध्ये दुहेरी बंध निर्माण झाला असेल, तर ते वसाम्ल असंपृक्त होय. असे दुहेरी बंध एकाहून अधिक असल्यास त्यास बहुअसंपृक्त म्हणतात.

दुहेरी बंधाच्या जागी साखळीला बाक येतो. सरळ काड्या जशा एकमेकींना लागून घट्ट रचता येतात, तशा वाकड्या काड्या रचता येत नाहीत. म्हणून दुहेरी बंध वाढले की स्निग्ध पदार्थ थिजण्यास अधिक थंडी लागते. अठरा कार्बनची चार वसाम्ले घेतली तर हा फरक स्पष्ट दिसतो. एकही दुहेरी बंध नसलेले स्टिअरिक आम्ल सुमारे ६९ अंश सेल्सिअसला वितळते. एक बंध असलेले ओलेइक आम्ल सुमारे १३ अंशांना. दोन बंधांचे लिनोलेइक आम्ल शून्याखाली ५ अंशांना. आणि जवसातील तीन बंधांचे अल्फा-लिनोलेनिक आम्ल शून्याखाली ११ अंशांना. वाचकांनी ही चार माणके लक्षात ठेवावीत. पुढील विवेचनाची किल्ली त्यांतच आहे.

मनुष्याचे शरीर काही बहुअसंपृक्त वसाम्ले स्वतः तयार करू शकत नाही. ती अन्नातूनच मिळवावी लागतात. जवसातील अल्फा-लिनोलेनिक आम्ल हे त्यांपैकी एक. विदर्भात आणि छत्तीसगडात जवस हे जुने पीक आहे, आणि जवसाची चटणी मराठी घरांत परिचयाची आहे. परंतु मेंदूच्या पेशींत आणि डोळ्याच्या पडद्यात जे वसाम्ल विपुल आढळते ते ह्याहून लांब साखळीचे असते. त्यात बावीस कार्बन आणि सहा दुहेरी बंध असतात. त्याचे नाव डोकोसाहेक्सेनॉइक आम्ल, संक्षेपाने डीएचए. त्याचेच एक भावंड म्हणजे वीस कार्बन आणि पाच दुहेरी बंध असलेले आयकोसापेंटेनॉइक आम्ल, संक्षेपाने ईपीए. जवसातील आम्लापासून ही दोन्ही बनवण्याची शरीराची क्षमता तोकडी आहे. डीएचएच्या बाबतीत तर ती फारच अल्प आहे. अन्न व कृषी संघटनेने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या तज्ज्ञांच्या अहवालात प्रौढ व्यक्तीस ही दोन्ही मिळून दररोज निदान पाव ग्रॅम, म्हणजे २५० मिलिग्रॅम, मिळावीत अशी शिफारस आहे.

मासे खाणाऱ्यास ती माशांतून मिळतात. परंतु माशालाही ती बहुतांशी आयतीच मिळालेली असतात. समुद्रातील सूक्ष्मशैवले ती तयार करतात. शैवले सूक्ष्म प्राणी खातात, त्यांना लहान मासे आणि लहान माशांना मोठे मासे. तेव्हा मासळीच्या तेलाचा मूळ कारखाना शैवलात आहे. ज्या समाजात मोठी संख्या मासळीस स्पर्श करत नाही आणि जेथे समुद्र शेकडो कोस दूर आहे, तेथे ह्या मूळ कारखान्याकडे वळण्याचे महत्त्व सहज ध्यानात येईल.

भिंत आणि कोठार

शैवल तेल बनवते ते आपल्यासाठी नव्हे, हे साधे सत्य ह्या विषयात वारंवार विसरले जाते. शैवलाच्या पेशीत वसाम्ले दोन निरनिराळ्या ठिकाणी असतात आणि दोन निरनिराळी कामे करतात.

पहिले ठिकाण म्हणजे पेशीची पटले. पेशीच्या सभोवतालचे आवरण आणि जेथे प्रकाशसंश्लेषण चालते त्या हरितकणातील घड्या ही सर्व वसाम्लयुक्त पातळ पटलांची बनलेली असतात. ह्या पटलांत प्रथिनांचे रेणू सतत हालचाल करतात, त्यामुळे पटल विशिष्ट प्रमाणात प्रवाही असणे अत्यावश्यक असते. दुसरे ठिकाण म्हणजे साठ्याचे थेंब. अन्न मुबलक असेल परंतु पेशीविभाजन शक्य नसेल, अशा वेळी पेशी जादा कार्बन तेलाच्या थेंबांच्या रूपाने साठवून ठेवते. शेतकऱ्याच्या घराची उपमा द्यावयाची तर पटले म्हणजे घराच्या भिंती आणि थेंब म्हणजे धान्याचे कोठार.

आता मुख्य गोष्ट अशी की उपयुक्त बहुअसंपृक्त वसाम्ले बहुतेक शैवलांत भिंतींत असतात, कोठारात नव्हे. कोठारातील तेल प्रायः संपृक्त किंवा एकच दुहेरी बंध असलेले असते. त्यामुळे शैवलाच्या अंगी तेल किती आहे हा एक प्रश्न, आणि त्या तेलात उपयुक्त भाग किती आहे हा अगदी वेगळा प्रश्न होय. पाण्याचे तापमान, प्रकाश, पाण्यातील क्षार आणि पोषणद्रव्ये ह्यांत बदल झाला की पेशी कधी भिंतींची डागडुजी करते, तर कधी कोठार भरू लागते. वाढीच्या परिस्थितीचा परिणाम म्हणतात तो हाच.

थंडीची किमया

पाणी थंड झाले की पटले, थिजणाऱ्या तुपाप्रमाणे, ताठर होऊ लागतात. पेशीपुढे मग एकच उपाय असतो: वसाम्लांत आणखी दुहेरी बंध निर्माण करून पटलाचा प्रवाहीपणा राखणे. हे काम विशिष्ट एंझाइमे करतात. ती तयार साखळीतून हायड्रोजन काढून घेऊन तेथे दुहेरी बंध घालतात. वर दिलेल्या माणकांवरून ह्या उपायाची परिणामकारकता सहज समजेल. पहिल्या एका बंधाने वितळण्याचे तापमान पन्नास अंशांहून अधिक खाली येते.

हा केवळ तर्क नव्हे. जपानमधील वादा, गोंबोश आणि मुराता ह्या संशोधकांनी १९९० साली एक निर्णायक प्रयोग प्रसिद्ध केला. थंडी न सोसणाऱ्या एका नील-हरित शैवलात त्यांनी, दुसऱ्या शैवलातून घेतलेले, दुहेरी बंध घडवणाऱ्या एंझाइमाचे जनुक घातले. त्या शैवलाच्या पटलांतील असंपृक्तता वाढली आणि पूर्वी ज्या थंडीने त्याचे प्रकाशसंश्लेषण बिघडत असे, ती थंडी ते सोसू लागले. जवसातही हेच तत्त्व दिसते. दाणे भरण्याच्या काळात हवा थंड राहिली तर तेलातील अल्फा-लिनोलेनिक आम्लाचे प्रमाण वाढते, आणि उन्हाचा तडाखा बसला तर घटते.

म्हणजे उपयुक्त वसाम्लांसाठी थंडी चांगली, असा निष्कर्ष काढावासा वाटेल. परंतु थंडीत वाढ मंदावते. वसाम्लाचा टक्का चढला आणि शैवलाचे वजनच निम्म्यावर आले, तर हाती येणारा माल वाढत नाही. म्हणून अनुभवी संशोधक शैवल त्याच्या वाढीस अनुकूल अशा तापमानात वाढवून, काढणीपूर्वी थोडा काळ थंड पाण्यात ठेवण्याचा मार्ग तपासतात. हिवाळ्याच्या लांब रात्री जेथे हे काम निसर्गच करतो, तेथे काढणीची वेळ साधणे हीच खरी हुशारी ठरते.

सावलीचा लाभ

प्रकाशाच्या बाबतीतही आपली पहिली समजूत चुकीची ठरते. ऊन अधिक, तर उत्पादन अधिक, असे आपण धरून चालतो. काही मर्यादेपर्यंत वजनाच्या बाबतीत ते खरेही आहे. परंतु कमी प्रकाशात पेशीला मिळेल तो किरण पकडावयाचा असतो. त्यासाठी ती हरितकणातील पटले वाढवते, आणि पटले वाढली की त्यांतील बहुअसंपृक्त वसाम्लेही वाढतात. उलट, प्रखर उन्हात पेशीला पेलवेल त्याहून अधिक ऊर्जा मिळते. पटलांचा पसारा ती आवरते आणि जादा कार्बन थेंबांत साठवते.

नॅनोक्लोरोप्सिस ह्या समुद्री शैवलाचा ह्या दृष्टीने बराच अभ्यास झाला आहे. ह्याची पेशी इतकी लहान असते की एक मिलिमीटर लांबीच्या रेषेवर तीन-चारशे पेशी सहज मावतील. इझ्राएलमधील सुकेनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दाखवून दिले की मंद प्रकाशात ह्या शैवलातील हरितकणाची पटले आणि त्यांतील ईपीए ह्यांचे प्रमाण अधिक राहते, तर प्रखर प्रकाशात कोठारातील तेल वाढते व त्यात सोळा कार्बनची, संपृक्त किंवा एकच बंध असलेली वसाम्ले भरतात.

शेतकरी जसा दोन रोपांतील अंतर ठरवतो, तसा शैवल वाढवणारा पाण्यातील पेशींची दाटी ठरवतो. दाटी अधिक असली की वरच्या पेशी खालच्यांवर सावली धरतात, आणि पाणी चाकाने सतत ढवळले की प्रत्येक पेशीला ऊन-सावली आलटून पालटून मिळते. शैवलाची उघडी कुंडे केवळ वीतभर खोल असतात आणि त्यांत पाणी फिरते ठेवलेले असते, ते ह्यासाठीच. थंडी आणि ऊन एकाच वेळी आले तर मात्र विपरीत घडते. हिवाळ्याच्या सकाळी पाणी गार असते, पेशीची यंत्रणा मंद असते, आणि वर प्रखर ऊन येते. अशा वेळी प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रणेस इजा होऊन पुढे दिवसभर उत्पादन घटलेले राहते.

उपासमारीचे तेल

शैवलास नायट्रोजन न मिळाल्यास काय होते, हा ह्या शास्त्रातील सर्वांत उद्बोधक आणि सर्वांत फसवा भाग आहे. नायट्रोजनावाचून प्रथिने बनत नाहीत आणि प्रथिनांवाचून पेशीचे विभाजन होत नाही. प्रकाश व कार्बन मात्र मिळतच असतात. अशा कोंडीत सापडलेली पेशी मिळालेला कार्बन कोठारात टाकू लागते, आणि तिच्या अंगातील तेलाचे प्रमाण झपाट्याने चढते. फ्लॉरेन्स येथील रोडोल्फी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत नॅनोक्लोरोप्सिसच्या एका वाणाने नायट्रोजन तोडल्यावर आपल्या कोरड्या वजनाच्या ६० टक्क्यांपर्यंत तेल साठवले होते.

अशा आकड्यांनी पूर्वी अनेकांच्या आशा पालवल्या. अमेरिकेच्या शासनाने १९७८ पासून १९९६ पर्यंत शैवलांपासून इंधन मिळवण्याचा एक मोठा कार्यक्रम चालवला आणि त्यात तीन हजारांहून अधिक शैवलांचे नमुने गोळा केले. त्यातून निघालेला एक महत्त्वाचा धडा असा, की उपासमारीने तेलाचा टक्का वाढतो खरा, परंतु वाढ खुंटल्यामुळे बहुधा एकूण तेल वाढत नाही. काही थोडी शैवले ह्याला अपवाद आहेत. परंतु आपणांस इंधन नव्हे तर ईपीए हवे असेल, तर त्या अपवादांचाही उपयोग होत नाही.

हे पटण्यासाठी एक काल्पनिक हिशेब करू. पहिल्या कुंडात शैवलास भरपूर नायट्रोजन दिला आहे. तेथे प्रत्येक चौरस मीटरमागे रोज २० ग्रॅम कोरडे शैवल मिळते, त्यात २० टक्के तेल आहे आणि त्या तेलात २५ टक्के ईपीए आहे. म्हणजे रोज ४ ग्रॅम तेल आणि १ ग्रॅम ईपीए. दुसऱ्या कुंडात नायट्रोजन तोडला आहे. तेथे रोज १० ग्रॅमच शैवल मिळते, परंतु त्यात ४५ टक्के तेल आहे आणि तेलात ईपीए मात्र ५ टक्के. म्हणजे रोज साडेचार ग्रॅम तेल, आणि ईपीए पाव ग्रॅमहूनही थोडे कमी. दुसऱ्या कुंडात तेल अधिक आहे. परंतु पहिल्या कुंडाचा एक चौरस मीटर, पुढील नासधूस सोडून दिली तर, चार माणसांची दिवसाची गरज भागवतो, तर दुसऱ्याचा एका माणसाचीही पुरती भागवत नाही. केवळ तेलाचा टक्का पाहून जो कुंड निवडील तो नेमके चुकीचे कुंड निवडील.

निसर्गात सरसकट नियम क्वचितच चालतात, हेही येथे सांगितले पाहिजे. जपानमधील तातेयामा पर्वतावर सापडलेले परायटोक्लोरिस इन्सायजा नावाचे एक हिरवे शैवल उपासमारीत आपल्या कोठारातच बहुअसंपृक्त ॲरॅकिडॉनिक आम्ल भरते, आणि ते त्याच्या सर्व वसाम्लांच्या निम्म्याहूनही अधिक होऊ शकते. ह्याचे कारण त्याच्या वसतिस्थानात शोधले जाते. उंच पर्वतावर हवामान क्षणोक्षणी पालटते. अकस्मात थंडी आली तर भिंती दुरुस्त करण्याचे सामान हाताशी असावे म्हणून हे शैवल ते आधीच कोठारात ठेवत असावे, असे त्यावर काम करणाऱ्या संशोधकांचे मत आहे. अपवाद दिसतो तो असा. तरी त्यामागचे सूत्र तेच आहे. शैवल आपल्या हवामानाशी झुंजण्यासाठी वसाम्ले बनवते.

लोणारचा दाखला

हे सूत्र मान्य केले, तर प्रत्येक प्रदेशाने आपल्या हवामानास साजेसे शैवल शोधले पाहिजे हे ओघानेच येते. ह्या दृष्टीने महाराष्ट्रातच एक विलक्षण उदाहरण आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर हे बेसाल्ट खडकावर उल्का आदळून झालेल्या, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरात साठलेले आहे. त्याचे पाणी खारट तर आहेच, शिवाय सोड्यासारखे तीव्र क्षारीय आहे. अशा पाण्यात बहुतेक जलवनस्पती तग धरत नाहीत. परंतु स्पिरुलिना ह्या नावाने बाजारात ओळखले जाणारे नील-हरित शैवल तेथे वर्षानुवर्षे विपुल वाढत आले आहे, आणि सरोवराचा हिरवा रंग बव्हंशी त्याचाच. पाण्याची परिस्थिती पालटली की त्यातील जीवही कसे पालटतात, हेही लोणारने दाखवून दिले. जून २०२० मध्ये पाणी आटून क्षार वाढले असता सरोवर गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केलेल्या तपासणीत त्याचे कारण क्षारप्रिय सूक्ष्मजीव असल्याचे आढळले.

स्पिरुलिना हे, काटेकोरपणे बोलावयाचे तर, जीवाणूंच्या वर्गातले आहे. पण व्यवहारात त्यास शैवलच म्हणतात. त्याला ३५ अंशांच्या आसपासचे पाणी मानवते, आणि क्षारीय पाण्यामुळे इतर जीवांचा उपद्रव कमी होतो. ह्या दोन गुणांमुळे भारतात त्याची लागवड रुजली. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने शैवलांच्या लागवडीचा दीर्घकाळ अभ्यास केला असून तेथील वेंकटरामन आणि जर्मन शास्त्रज्ञ बेकर ह्यांनी १९८५ मध्ये भारतीय अनुभवावर एक ग्रंथही सिद्ध केला.

स्पिरुलिनात ईपीए किंवा डीएचए नगण्य असते. तिच्यात मिळते ते गॅमा-लिनोलेनिक आम्ल. निकल्स आणि वुड ह्यांनी १९६८ मध्ये ते प्रथम दाखवून दिले. आपल्या शरीरात लिनोलेइक आम्लापासून हे आम्ल बनण्याची क्रिया मंद असते, आणि पुढे त्यापासून शरीरातील काही नियामक द्रव्ये तयार होतात. म्हणून त्यास महत्त्व आहे. मात्र त्याच्या औषधी गुणांविषयीचे बाजारातील दावे जपूनच घ्यावेत. कोरड्या स्पिरुलिनात ते साधारणतः एक टक्क्याच्या घरात असते. कोहेन, वोनशाक आणि रिचमंड ह्यांनी १९८७ मध्ये स्पिरुलिनाच्या अनेक वाणांची तुलना केली. वाण बदलला तसे, आणि परिस्थिती बदलली तसेही, वसाम्लांचे प्रमाण बदलते, असे त्यांना आढळले. बियाण्याची निवड आणि मशागत ही दोन्ही शेतीप्रमाणे येथेही सारखीच मोलाची आहेत.

सिलतऱ्यात काय पिकेल?

आता आपण पुन्हा सिलतऱ्याकडे वळू. रायपूरच्या परिसरात मे महिन्यात पारा ४२ ते ४५ अंशांपर्यंत चढतो, तर डिसेंबरच्या रात्री तो १२-१३ अंशांच्या आसपास उतरतो. नॅनोक्लोरोप्सिससारख्या समुद्री शैवलास २० ते २५ अंशांचे पाणी मानवते. पाणी ३० अंशांच्या वर चढत गेले की त्याची वाढ खुंटते. उघड्या कुंडात ते येथील उन्हाळा काढणार नाही. त्यासाठी पाणी थंड ठेवावयाचे, तर त्याचा खर्च तेलाच्या किमतीस खाऊन टाकील. हिवाळ्याच्या तीन-चार महिन्यांत, रब्बीच्या पिकाप्रमाणे, असे शैवल घेण्याचा विचार करता येईल, वर्षभर नव्हे. वर्षातील बहुतेक काळ येथील हवामानास शोभणारे शैवल म्हणजे स्पिरुलिनाच. शिवाय उन्हाळ्यात रोज केवळ एक सेंटिमीटर पाणी उडून गेले, तरी एक हेक्टर कुंडातून रोज १ लाख लिटर पाणी नाहीसे होते. तलावांवर जगणाऱ्या ह्या प्रदेशात हा हिशेबही मांडला पाहिजे.

राहिला प्रश्न धुराचा. एक किलोग्रॅम कोरडे शैवल वाढण्यास सुमारे १.८ किलोग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड लागतो. हवेत त्याचे प्रमाण ०.०४ टक्क्यांच्या आसपास आहे, तर कोळशाच्या धुरात ते दहा टक्क्यांहून अधिक असते. तेव्हा शैवलास खत म्हणून धूर उपयोगी आहे ह्यात शंका नाही. परंतु धूर शैवलाला पोसू शकतो, म्हणून शैवल धुराला संपवू शकेल असे मात्र नाही. एका हेक्टर कुंडात दर चौरस मीटरमागे रोज १५ ग्रॅम शैवल मिळाले, तर रोज १५० किलोग्रॅम माल होतो, आणि तो २७० किलोग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड शोषतो. ज्यात ४० टक्के कार्बन आहे असा एक टन कोळसा जळला की जवळजवळ दीड टन कार्बन डाय-ऑक्साइड निर्माण होतो. म्हणजे रोजच्या एका टन कोळशामागे पाच ते सहा हेक्टर कुंडे हवीत. भट्टीत रोज शंभर टन कोळसा जळत असेल, तर त्यासाठी पाचशेहून अधिक हेक्टर जमीन पाण्याखाली घालावी लागेल. ती भाताची खाचरे असतील, हे वेगळे सांगावयास नको.

आणखी एक गोष्ट ह्याहूनही महत्त्वाची आहे. धुराबरोबर गंधकाचे वायू, राख आणि धातूंचे सूक्ष्म कण येतात. स्पंज लोखंडाच्या भट्ट्यांच्या परिसरात गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी धूळ बसते, हा तेथील रहिवाशांचा रोजचा अनुभव आहे. उघड्या कुंडावरही ती बसणारच. शैवलाच्या पेशी शिसे, कॅडमियम ह्यांसारखे धातू पाण्यातून ओढून धरून ठेवतात. सांडपाणी शुद्ध करण्यासाठी शैवलांचा उपयोग सुचवला जातो तो ह्याच गुणामुळे. परंतु जे शैवल मलिन पाणी शुद्ध करते तेच आपल्या अंगी तो मळ साठवते. हवा स्वच्छ करणारे शैवल आणि बालकाच्या दुधात जाणारे शैवल ही एका कुंडात होऊ शकत नाहीत. ‘एका दगडात दोन पक्षी’ मारण्याच्या उत्साहात ही सीमारेषा पुसली गेली, तर त्याची किंमत ज्यांच्यासाठी हे तेल काढावयाचे त्या बालकांनाच मोजावी लागेल. खाण्यासाठी शैवल वाढवावयाचे असल्यास वायू शुद्ध करून घेतलेला असावा, कुंडे झाकलेली असावीत आणि प्रत्येक घाण्याची धातूंसाठी तपासणी व्हावी, ह्यात तडजोड नको.

गावतलावातील हिरव्या सायीविषयीही एक इशारा दिला पाहिजे. ती स्पिरुलिनाची असेल असे मुळीच गृहीत धरू नये. गोड्या, घाण साठलेल्या पाण्यात मायक्रोसिस्टिस नावाचे नील-हरित शैवल माजते आणि त्याच्या अनेक वाणांत यकृतास घातक असे विष असते. असे पाणी गुरांनाही पाजू नये.

डीएचएसाठी जगाने काही अंशी निराळीच वाट धरली आहे. क्रिप्थेकोडिनियम आणि शायझोकायट्रियम हे समुद्री सूक्ष्मजीव सूर्यप्रकाशावाचून, बंद टाकीत, साखरेवर वाढवले जातात. त्यांच्या कोठारातील तेलातच डीएचए असते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००१ मध्ये अशा तेलाच्या शिशुआहारातील वापरास आक्षेप नसल्याचे कळवले, आणि त्यानंतर त्याचा प्रसार झाला. टाकी बंद असल्याने तापमान, प्राणवायू व पोषणद्रव्ये हवी तशी राखता येतात. मात्र येथे सूर्य फुकट नाही. साखर विकत घ्यावी लागते आणि ती कोणाच्या तरी शेतातूनच येते.

काढणीनंतर

कुंडात चांगले तेल तयार झाले म्हणजे काम संपले असे नाही. दुहेरी बंध जितके अधिक, तितके ते वसाम्ल हवेतील प्राणवायूशी लवकर संयोग पावते. जवसाचे तेल लवकर खवट होते ते ह्यामुळेच, आणि पाच-सहा बंधांचे वसाम्ल तर त्याहूनही नाजूक असते. शैवल रात्री श्वसनात आपला काही साठा खर्च करते, म्हणून काढणी दिवसाच्या कोणत्या प्रहरी करावी ह्याला महत्त्व आहे. काढलेला लगदा छत्तीसगडच्या उन्हात पापडासारखा पसरून वाळवला, तर महिनाभर जपून मिळवलेले गुण दोन दिवसांत नष्ट होऊ शकतात. सावलीत, कमी उष्णतेवर आणि लवकर वाळवून हवाबंद ठेवणे हा लागवडीचाच एक भाग समजला पाहिजे.

ह्या सर्व विवेचनाचे सार थोडक्यात सांगता येईल. शैवलाचे तेल हे त्याच्या हवामानाला त्याने दिलेले उत्तर असते. पोटभर अन्न, सौम्य प्रकाश आणि किंचित थंडी मिळाली की ते भिंती बांधते, आणि त्या भिंतींत आपणांस हवी ती वसाम्ले असतात. त्यास उपाशी ठेवून प्रखर उन्हात उभे केले की ते कोठार भरते, आणि त्या कोठारात बहुधा जाळण्याजोगेच तेल असते. म्हणून कोणी शैवलाच्या तेलाची योजना घेऊन आला, तर त्यास तीन प्रश्न विचारावेत. अंगी तेल किती? त्या तेलात उपयुक्त वसाम्ल किती? आणि एका चौरस मीटरमागे दररोज ते हाती किती पडते? सिलतऱ्यासारख्या ठिकाणी ह्यांत चौथ्याची भर घालावी लागेल: त्या हिरव्या पाण्यात वरून काय पडते? चारही उत्तरे समाधानकारक असतील, तरच ते तेल बालकाच्या मुखी घालण्यायोग्य होय.